इंग्लंडच्या वॉर्डातली इंग्रजी: कुठले शब्द शिकून जावेत?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की बहीण ओईटी ही आरोग्यसेवकांची इंग्रजीची परीक्षा पास झाली, आता लीड्सच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू होणार, पण तिथले पेशंट बोलतील ते तिला कळेल का? त्यासाठी स्लँगची एखादी यादी पाठ करून जावी का? लीड्स उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात येतं आणि मी तिथेच बरीच वर्षं वॉर्डात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादीच्या मागे लागू नका. नेटवरच्या याद्यांमध्ये मांजरं-कुत्री पडणाऱ्या पावसाचे वाक्प्रचार असतात, ते इथे क्वचितच कानावर पडतात. शिवाय अनोळखी शब्दाची एवढी भीती नसते. कळला नाही हे लगेच लक्षात येतं आणि आपण विचारतो. घात करतात ते आपल्याला येतात असं वाटणारे साधे शब्द.

'डिनर'च घ्या. आपल्याकडे डिनर म्हणजे रात्रीचं जेवण. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः वयस्कर आणि कष्टकरी लोकांत, डिनर म्हणजे दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं. 'माझी गोळी मी डिनरनंतर घेते' असं आजीबाई म्हणाल्या आणि आपण रात्रीची वेळ लिहिली, तर कागदावर डोसची वेळच बदलली. म्हणून औषधाच्या बाबतीत नेहमी घड्याळातली वेळ विचारायची. तीही नीट ऐकायची, कारण 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात. यॉर्कशायरचा आणखी एक खास शब्द 'व्हाइल'. इथे तो 'पर्यंत' या अर्थाने वापरतात. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'नाउट' म्हणजे काही नाही, 'आउट' म्हणजे काहीही, 'समट' म्हणजे काहीतरी. 'आय'व्ह एटन नाउट' ऐकू आलं तर माणूस उपाशी आहे. 'स्टार्व्ड' हा शब्द मात्र जुन्या लोकांच्या तोंडी असला तर आधी पांघरूण द्या, कारण त्यांच्या बोलीत तो थंडीने गारठल्याबद्दल असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथली माणसं दुखणं कमी करून सांगतात. आपल्याकडे पेशंट आणि चार नातेवाईक मिळून दुखण्याचं सगळं वर्णन करतात, त्यामुळे आपला कान वेगळ्या पट्टीला सरावलेला असतो. इथे 'नॉट टू बॅड', 'अ बिट सोअर', 'मस्न्ट ग्रंबल' (कुरकुर करायला नको) एवढ्यावर विषय संपतो. ही सवय किती मुरलेली आहे याचं एक उदाहरण इथे नेहमी सांगतात. 1951 च्या एप्रिलमध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिश ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली होती. त्यांचे ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याला कळवलं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. ब्रिटिश कानाला याचा अर्थ फार मोठं संकट. अमेरिकन अधिकाऱ्याला वाटलं, थोडी अडचण आहे, पण निभावतंय. त्या तुकडीतले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले.

वॉर्डात हेच लहान प्रमाणात रोज घडतं. ऑपरेशननंतरचे एक शेतकरी आजोबा 'जस्ट अ ट्विंज, लव्ह' म्हणजे जराशी कळ येतेय, एवढंच म्हणत होते. पण हात पलंगाच्या कठड्याला घट्ट, वरच्या ओठावर घाम, आणि बोलताना श्वास अर्ध्यावर थांबत होता. दहापैकी किती दुखतंय असं विचारल्यावर म्हणाले, आठ. बहिणीला सांगा, विशेषण ऐकून सोडून देऊ नकोस, आकडा विचार, चेहरा बघ आणि 'ऑब्ज' घे. ऑब्ज म्हणजे नाडी, रक्तदाब, ताप, श्वास, ऑक्सिजन ही सगळी मोजणी. हा शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडेल.

याच्या उलट 'यू ऑलराइट?' कॉरिडॉरमध्ये जाता जाता सहकारी विचारतात तो फक्त नमस्कार. 'यॅ, यू?' म्हणायचं आणि पुढे जायचं. आपली तब्येत बिघडलेली दिसते की काय, अशी शंका घ्यायला नको.

शरीराबद्दलचे शब्द मात्र खरंच शिकून घ्यावेत, कारण लाजेपोटी लोक आडून बोलतात. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीची तक्रार. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाणं, सार्वजनिक शौचालयात पेनीचं नाणं टाकावं लागे त्या काळापासूनचा हा वाक्प्रचार. 'बॅक पॅसेज' म्हणजे गुदद्वार. 'बंग्ड अप' म्हणजे बद्धकोष्ठ, किंवा नाक चोंदलेलं. कुठलं ते विचारावंच लागतं. 'द रन्स' म्हणजे जुलाब. 'पुअर्ली' म्हणजे आजारी, पण नर्सनेच 'ही इज व्हेरी पुअर्ली' म्हटलं तर पेशंट गंभीर आहे असं समजायचं. 'फनी टर्न' या शब्दांवर तर लगेच उठायचं. त्यात गमतीचं काही नसतं. अचानक चक्कर, शुद्ध हरपणं, क्वचित पक्षाघाताचा छोटा झटकासुद्धा लोक याच नावाने सांगतात. नेमकं काय झालं, किती वेळ, बोलणं अडखळलं का, हे सगळं विचारायचं.

लंडनच्या ईस्ट एंडमधली यमकाची बोली लीड्समध्ये फारशी भेटणार नाही, पण एखादे आजोबा मूळचे तिकडचे निघतात. तिची रीत अशी की शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि बहुधा यमकाचाच भाग गाळायचा. 'फीट'साठी 'प्लेट्स ऑफ मीट', त्यातलं उरतं 'प्लेट्स'. 'माय प्लेट्स आर किलिंग मी' म्हणजे पाय फार दुखताहेत. 'फार्मर जाइल्स' म्हणजे पाइल्स, मूळव्याध; इथे यमकाचा शब्द कधी शाबूत असतो, कधी नुसतं 'फार्मर्स' उरतं.

आपली भारतीय इंग्रजीही तपासून घ्यावी लागते. 'आय पास्ड आउट इन 2018' म्हटलं तर समोरच्याला वाटतं, तेव्हा बेशुद्ध पडली होती. 'क्वालिफाइड' म्हणावं. 'ओटी' म्हणजे इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट; शस्त्रक्रियेच्या जागेला नुसतं 'थिएटर' म्हणतात. 'पेशंट एक्स्पायर्ड' अजिबात नको, तो शब्द इथे मुदत संपलेल्या दुधाला आणि औषधाला लावतात. नातेवाइकांना सांगताना 'डाइड' हाच स्पष्ट शब्द वापरायला शिकवतात. आणि आपल्याकडे प्रत्येक नर्स 'सिस्टर' असते, इथे ते वॉर्डप्रमुखाचं पद आहे. 'बँक शिफ्ट' कोणी विचारली तर तो पैशांच्या बँकेचा विषय नाही, रुग्णालयाने राखीव कर्मचाऱ्यांची यादी ठेवलेली असते तिची जादा पाळी.

आणि एक शब्द बहिणीला नक्की आवडेल. डोकं भणभणलं, सुचेनासं झालं की इथली म्हातारी माणसं म्हणतात, 'आय'म गोइंग डूलॅली'. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली! ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत अडकून पडत, उकाड्याने आणि रिकामपणाने त्यांचं डोकं फिरे. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत, आणि तो 'टॅप' म्हणजे आपला ताप. एखाद्या आजींना हे सांगून बघ म्हणावं, छान गप्पा सुरू होतात.

तिने स्वतः ही बोली बोलावी का, हेही तुम्ही विचारलंय. 'टा' आणि 'चिअर्स' म्हणजे थँक्यू, ते आपोआप तोंडी बसतात. पेशंट तिला 'लव्ह' म्हणतील, त्यात वावगं काही नाही, अनोळखी माणसालाही म्हणतात. तिने मात्र पेशंटला 'लव्ह' किंवा 'डार्लिंग' म्हणण्याआधी काय हाक मारलेली आवडेल ते विचारावं. काहींना पहिलं नाव चालतं, काहींना 'मिसेस' लावूनच हवं असतं. आणि प्रत्येकाला आधी स्वतःचं नाव सांगायचं. यॉर्कशायरच्याच डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कॅन्सरच्या पेशंट असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करणारे स्वतःचं नावही सांगत नाहीत. 2013 मध्ये त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या, पण त्या शब्दांचे बिल्ले देशभरच्या रुग्णालयांत दिसतात. बहिणीने नाव तोडून लहान करू नये, दोनदा सावकाश उच्चारून दाखवावं. लोक शिकतात.