भावना ‘दुखवल्या’ की ‘दुखावल्या’? एका कान्याचा प्रश्न

एका दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘या चित्रपटाने समाजाच्या धार्मिक भावना दुखावल्या असून त्यावर बंदी घालावी, अशी मागणी करण्यात आली’ या वाक्यातले ‘दुखावल्या’ त्यांनी ‘दुखवल्या’ असे सुधारले, तर उपसंपादकांनी पुन्हा काना देऊन ते होते तसे केले. यात बरोबर कोणाचे? शिवाय एखादा चित्रपट कुठे दाखवला जात नसेल, तर त्याला सरसकट ‘बंदी’ म्हणावे का, असेही त्यांनी जाता जाता विचारले आहे.

दोन्ही रूपे मराठीच आहेत, म्हणून त्यातले एक चूक ठरवून हा प्रश्न मिटत नाही. मात्र ती दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि त्या वाक्यात कोणते हवे, हे बातमीदाराला नेमके काय म्हणायचे आहे यावर अवलंबून आहे. ‘दुखणे’ या मूळ धातूचे ‘दुखवणे’ हे प्रयोजक रूप आहे. बसणे–बसवणे, हसणे–हसवणे, रडणे–रडवणे या जोड्यांप्रमाणेच इथेही ‘-व-’ आला की क्रिया करवणारा कोणीतरी वाक्यात येऊन उभा राहतो. ‘आईचे मन दुखवू नकोस’ हे आपण ज्याच्या हातात ते न दुखवणे आहे, त्याला सांगतो. ‘दुखावणे’ हे मात्र रागावणे, सुस्तावणे, मंदावणे, स्थिरावणे, दुरावणे, सुखावणे यांच्या कुळातले. या क्रियापदांमध्ये ‘-आव-’ हा ती अवस्था प्राप्त होणे दाखवतो. ती कोणी आणली हे सांगण्याची त्याला गरज नसते. क्षेत्ररक्षण करताना खेळाडूचा खांदा दुखावतो आणि आपण तसेच म्हणतो. ‘खांदा दुखवला’ म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारील, ‘कोणी?’

घोटाळा होतो तो भूतकाळात. ‘त्याने भावना दुखवल्या’ हा कर्मणी प्रयोग आहे. त्यात क्रियापद ‘भावना’ या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचनी होते. ‘भावना दुखावल्या’ हा कर्तरी प्रयोग आहे. त्यात ‘भावना’ हाच कर्ता आहे आणि तरीही क्रियापदाचे लिंग-वचन तेच दिसते. फरक उरतो एका कान्याचा, आणि वेगात बोलताना तोही ऐकू येत नाही. त्यामुळे ‘चित्रपटाने भावना दुखावल्या’ असे एक मिश्र वाक्य रूढ झाले आहे, ज्यात ‘-ने’ लावलेला कर्ता पहिल्या प्रयोगाचा आणि क्रियापद दुसऱ्या प्रयोगाचे आहे. ‘उंचावणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते (‘दर्जा उंचावला’ आणि ‘त्याने हात उंचावला’), म्हणून ‘-आव-’ची क्रियापदे सकर्मक होतच नाहीत, असा कडक नियम मी सांगणार नाही. सकर्मक ‘दुखावणे’ चांगल्या लेखकांच्या लिखाणातही आढळते. तरी या एका विषयात, म्हणजे धर्म, चित्रपट आणि बंदी यांच्या चर्चेत, तो काना जपून वापरावा असे माझे ठाम मत आहे. कारण या देशाचा कायदा नेमका या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेवर उभा आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९८ मध्ये, एखाद्याच्या धार्मिक भावनांना जखम व्हावी अशा बुद्धिपुरस्सर हेतूने बोललेला शब्द किंवा केलेला हावभाव हा अपराध ठरवला होता. इंग्रजीतील त्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘घायाळ करणे’ असाच आहे. ‘भावना’ आणि ‘दुखवणे’ यांची जोडी आपल्या सार्वजनिक भाषेत पक्की बसण्यामागे ही कायद्याची भाषा असावी, असा माझा तर्क आहे. त्याआधीची नित्याची मराठी ‘मन दुखवणे’, ‘मन मोडणे’ असे म्हणत आली आहे, आणि धर्माच्या बाबतीत ‘निंदा’, ‘विटंबना’, ‘उपमर्द’, ‘अधिक्षेप’ हे शब्द होतेच. हे सर्व शब्द करणाऱ्याच्या कृतीचे वर्णन करतात. ‘भावना दुखावल्या’ हे त्या कृतीचा परिणाम ज्याच्यावर झाला त्याच्या अवस्थेचे वर्णन आहे.

धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धांचा अपमान हा अपराध ठरवणारे कलम २९५ अ १९२७ मध्ये आले. लाहोरमध्ये १९२४ साली निघालेल्या, प्रेषित मुहंमदांवर चिखलफेक करणाऱ्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाची उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मुक्तता केली. दोन समाजांत वैर पसरवण्याविरुद्धचे तेव्हाचे कलम दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीकेला लागू होत नाही, असे त्या निकालाचे कारण होते. त्यावर जो क्षोभ उसळला, त्यातून नवे कलम घडले. मात्र विधेयक निवड समितीकडे गेले, तेव्हा प्रामाणिक टीका आणि इतिहासलेखन करणाऱ्यांना संरक्षण असले पाहिजे, हा मुद्दा समितीचे सदस्य असलेल्या बॅरिस्टर जिना यांनी आग्रहाने मांडला होता. अखेर कलमात दोन विशेषणे बसली: हेतू बुद्धिपुरस्सर हवा आणि तो दुष्टही हवा. १९५७ साली रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेशी सुसंगत ठरवले ते याच दोन विशेषणांच्या आधारावर. नकळत, निष्काळजीपणे किंवा असा हेतू नसताना झालेला अपमान या कलमात येत नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे अनुक्रमे ३०२ आणि २९९ झाली आहेत.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर कायदा ‘दुखवणे’ याला शिक्षा देतो, आणि तेही समजून-उमजून व दुष्टाव्याने दुखवले असेल तर. ‘दुखावणे’ हा त्याच्या लेखी अपराधच नाही.

हा भेद किती खरा आहे, ते २०१८ मधल्या एका प्रकरणात अगदी जवळून दिसते. ‘ओरु अडार लव्ह’ या मल्याळम चित्रपटातले ‘माणिक्य मलराय पूवी’ हे गाणे त्या वर्षी फेब्रुवारीत बाहेर आले. त्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी समोरच्या मुलाकडे पाहून आधी भुवया उडवते आणि मग डोळा मिचकावते. सगळे मिळून काही सेकंदांचे दृश्य. गाणे मात्र मलबारच्या मुस्लीम समाजातले एक मापिला गीत होते, प्रेषित आणि त्यांच्या पत्नी खदीजा यांची स्तुती करणारे, आणि केरळमध्ये १९७८ पासून गायले जाणारे. हैदराबादेत गुन्हा दाखल झाला, महाराष्ट्रातही तक्रारी झाल्या. मल्याळम न समजणाऱ्यांपर्यंत ते गीत पोहोचले ते भाषांतरातून आणि त्या मिचकावलेल्या डोळ्याच्या सोबतीने. ज्यांची ती भाषा होती, त्यांनी ते चाळीस वर्षे भक्तीने गायले होते. ऑगस्टच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला आणि आधार घेतला तो १९५७ च्या त्याच निकालाचा. गाणे इतकी वर्षे लोकांमध्ये असताना त्याच्या चित्रीकरणातील एका डोळा मिचकावण्यामागे धर्माचा अपमान करण्याचा बुद्धिपुरस्सर, दुष्ट हेतू शोधता येत नाही, असा त्याचा आशय होता. तक्रारदारांच्या भावना दुखावल्या असतील. ते खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. त्या गाण्याने, त्या दिग्दर्शकाने किंवा त्या अठरा वर्षांच्या अभिनेत्रीने त्या दुखवल्या नव्हत्या.

हे लिहिताना मला दुखावलेल्या माणसाला खोटे पाडायचे नाही. ज्या देशात एकाच गल्लीत चार प्रकारच्या प्रार्थना होतात, तिथे एकाचे पूज्य ते दुसऱ्याच्या कथेचे पात्र होणार, आणि त्यातून कोणाला तरी मनापासून वाईट वाटणार. ‘दुखावणे’ हा त्यासाठी प्रामाणिक शब्द आहे आणि तो मराठीत आहे याचे मला मोल वाटते. पण त्याला ‘-ने’ जोडला की वाईट वाटण्याचे रूपांतर आरोपात होते, आणि आरोपाला पुरावा लागतो.

‘भावना’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. संस्कृतात तो ‘भू’ धातूच्या प्रयोजक रूपावरून आला आहे. घडवणे, मनात धरून ठेवणे, चिंतन करणे हे त्याचे जुने अर्थ. बौद्ध परंपरेत भावना म्हणजे मनाची मशागत. आयुर्वेदात वैद्य आजही औषधाला ‘भावना देतात’, म्हणजे चूर्ण एखाद्या रसात खलतात, वाळवतात आणि पुन्हा खलतात. अशा अनेक भावना दिल्यावर रसाचा गुण चूर्णात उतरतो. भावना ही एके काळी माणूस करीत असे अशी गोष्ट होती. आजच्या मराठीत ती आपल्यात आपोआप उठते आणि दुसऱ्याच्या हातून इजा होण्यासारखी कोवळी असते. अर्थ बदलतात, आणि बदललेला अर्थ चूक नसतो. तरी जुना अर्थ ठाऊक असलेल्याला आपल्या भावनेला आपण कोणत्या रसात खलले आहे, हेही तपासता येते.

आता ‘बंदी’. दारूबंदी, नाकेबंदी, नोटाबंदी हे शब्द पाहिले, तर प्रत्येकात अधिकार असलेल्या कोणीतरी काढलेला हुकूम किंवा केलेली कारवाई आहे. चित्रपटाच्या बाबतीत अनेक निरनिराळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो. २०२३ च्या मे महिन्यातले ‘द केरला स्टोरी’चे उदाहरण घ्या. पश्चिम बंगाल सरकारने ८ मे रोजी राज्याच्या १९५४ च्या चित्रपटगृह नियमन कायद्याखाली प्रदर्शन मनाई केले. ती बंदी होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ मे रोजी तिला स्थगिती दिली. त्याच दिवसांत तामिळनाडूत चित्रपट पडद्यावरून उतरला तो चित्रपटगृहांच्या चालकांनी काढून घेतल्यामुळे; सरकारने न्यायालयात सांगितले की आम्ही बंदी घातलेली नाही. पहिल्या घटनेला ‘बंदी’ आणि दुसरीला ‘प्रदर्शन थांबवले’ असे लिहिणेच अचूक. प्रमाणपत्रच मिळाले नसेल, तर ‘प्रमाणपत्र नाकारले’ असे लिहावे. १९८३ पासून हे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या नावात ‘सेन्सॉर’ उरलेले नाही, ते ‘केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ’ झाले आहे. नाटकांसाठी महाराष्ट्राचे वेगळे ‘परिनिरीक्षण’ मंडळ आहे. हा शब्द जड आहे, पण आधी तपासून मग परवानगी देणे हे काम तो लपवत नाही, म्हणून मला तो पटतो.

मंडळाने संमत केलेल्या चित्रपटावर राज्याने बंदी घालायची, तर कारण काय सांगणार? घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर वाजवी निर्बंध कशासाठी घालता येतील त्याची यादी आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. ‘भावना’ हा शब्द त्या यादीत नाही. म्हणून बंदीच्या आदेशात दुखावलेल्या भावनांना सुव्यवस्थेच्या दारातून आत यावे लागते, आणि तिथे एका चित्रपटाबाबतच्या, १९८९ च्या रंगराजन निकालाचा पहारा आहे. धोका दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतका निकटचा हवा, आणि निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’वर गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली, आंध्र प्रदेशातली बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. ‘पद्मावत’च्या वेळी, २०१८ मध्ये, राजस्थान आणि गुजरातच्या आदेशांना स्थगिती मिळाली. त्या चित्रपटाने वादापायी नावातली एक वेलांटी आधीच गमावली होती. शीर्षकातल्या शब्दावर असा घाला पडणे मराठी प्रेक्षकाला नवे नाही: ‘प्रभात’ने संत एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव गांधीजींची आठवण करून देते म्हणून परीक्षकांना चालले नाही, आणि १९३५ मध्ये तो ‘धर्मात्मा’ म्हणून झळकला.

तेव्हा आपल्या वाक्याकडे परत येऊ. ते वाक्य दैनिकाचे स्वतःचे असेल, तर ‘चित्रपटाने’ हा कर्ता ठेवून ‘दुखावल्या’ लिहू नये, आणि ‘दुखवल्या’ असेही लिहू नये. कारण पहिले मिश्र आहे आणि दुसऱ्यात दैनिक स्वतःच्या तोंडाने निकाल देते. ‘या चित्रपटामुळे आपल्या धार्मिक भावना दुखावल्या असल्याचे संघटनेने म्हटले असून त्याच्या प्रदर्शनावर बंदी घालावी, अशी मागणी केली आहे’ असे लिहावे. यात ‘-मुळे’ कारण सांगते, हेतू लादत नाही. ‘आपल्या’ म्हटल्यामुळे त्या संघटनेला सगळ्या समाजाच्या वतीने बोलू दिले जात नाही. आणि ‘मागणी करण्यात आली’ या वाक्यात लपलेला कर्ता समोर येतो. तक्रारअर्जातले शब्द अवतरणचिन्हांत देत असाल, तर मात्र अर्जात जे असेल ते, काना असो वा नसो, जसेच्या तसे छापावे. उपसंपादकांनी काना परत दिला ते बरोबरच होते. त्यांनी आणि तुम्ही दोघांनीही बदलायला हवा होता तो ‘-ने’.