पुन्हा पुन्हा भरणारे कपाट

प्रश्न : गेल्या वर्षभरात मी तीन वेळा घर आवरले आणि वापरात नसलेले कपडे, भांडी, पुस्तके देऊन टाकली. तरीही काही महिन्यांत कपाटे पूर्वीसारखीच भरतात. योगवर्गात अपरिग्रहाविषयी, म्हणजे वस्तूंचा संग्रह न करण्याविषयी, ऐकले. पण संसारी माणसाला तो कितपत जमेल, अशी शंका येते. शिवाय दिवंगत आईच्या वस्तूंना हात लावण्याचे धैर्य होत नाही. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : आपण वर्षभर जे केले ते दान होते, आवराआवर होती, अपरिग्रह मात्र त्याच्या बराच आधी सुरू होतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात (सूत्र ३०) पाच यम (आचरणातले संयम) सांगितले असून त्यांत अपरिग्रह शेवटचा आहे. त्यावरील व्यासभाष्य या जुन्या टीकेत अर्जन (मिळवणे), रक्षण (सांभाळणे), क्षय (झिजणे), संग (आसक्ती) आणि हिंसा असे पाच दोष विषयांत, म्हणजे उपभोगाच्या वस्तूंत, दिसल्यामुळे त्यांचे ‘अस्वीकरण’ करणे, म्हणजे त्या मुळात न स्वीकारणे, अशी त्याची व्याख्या येते. भाष्यकारांनी येथे त्याग हा शब्द वापरलेला नाही, याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. म्हणजे साधनेची जागा कपाटापाशी नसून उंबरठ्यापाशी आहे.

यातला रक्षणाचा दोष आपल्या लक्षात सर्वांत उशिरा येतो. वस्तू घेताना आपण एकदाच पैसे मोजतो, परंतु तिला जागा देणे, पुसणे, दुरुस्त करणे आणि ती कुठे ठेवली हे आठवत राहणे, यांची परतफेड ती घरात असेपर्यंत चालूच राहते. संगाचे तर विचारूच नका. रिकामा झालेला कप्पाच नव्या वस्तूला बोलावू लागतो. पसारा आवरण्यासाठी नवे डबे विकत आणणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत एकेकाळी मीही होतो.

संसारी माणसाविषयीच्या शंकेला पुढच्याच सूत्रात आधार सापडतो. जाती, देश, काल आणि समय (म्हणजे संकेत किंवा प्रसंग) यांची मर्यादा नसलेले यमपालन म्हणजे महाव्रत, असे ते सूत्र सांगते; अर्थात मर्यादा घालून केलेले पालन महाव्रत नसले तरी पालनच असते. तेव्हा आपण एकच प्रकार निवडावा, समजा कपडे, आणि सहा महिने नवा कपडा घेऊ नये, भेट म्हणून आलेलाही नम्रपणे नाकारावा. नाकारताना मनात जी चुळबुळ होईल, तिच्याकडे पाहणे हाच खरा अभ्यास आहे.

आईच्या वस्तूंचा प्रश्न मी या हिशेबात धरणार नाही. अपरिग्रह स्थिरावला की जन्म कसा व का झाला याचा बोध होतो, असे ३९वे सूत्र म्हणते, आणि भाष्यात तो ‘मी कोण होतो’ या प्रश्नापासून सुरू होतो. आपण कोणाचे अपत्य आहोत, ही ओळखही त्या वस्तूंत गुंतलेली असल्यामुळे त्या सर्वांत शेवटी हाताळाव्यात. मात्र बंद पेटीत ठेवलेले वस्त्रही घडीवर विरते. भाष्यातला क्षय तो हाच. त्यातली एखादी शाल बाहेर काढून रोज वापरायला घ्यावी. उरलेल्यांविषयी यंदा काहीही ठरवू नये.