केबल समुद्राखाली, नोकऱ्या बहुतेक काठावर

ताई, नमस्कार.

मालवणहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोची-लक्षद्वीप केबलचा व्हिडिओ पाहिल्यापासून 'मला समुद्राखालची केबल टाकायचीय' असा तिने धोशा लावलाय. मुंबईतल्या एका क्लासने 'सबसी केबल इंजिनिअर' (सबसी म्हणजे समुद्राखालची) करून देतो म्हणून सहा महिन्यांचे पावणेदोन लाख मागितलेत. आणि तिचे बाबा, ज्यांचा स्वतःचा ट्रॉलर आहे, म्हणतात की बोटीवरचे हाल मी काढले तेवढे पुरे, पोरीने नको. पैशांचं आधी सांगते: सध्या एक रुपयाही भरू नका.

लेकीला भुरळ पडली ती उगाच नाही. लक्षद्वीपला आधी सगळा भरवसा उपग्रहावर होता, त्यामुळे वेग जेमतेम. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून या केबलची घोषणा झाली आणि 3 जानेवारी 2024 ला कवरत्तीत उद्‌घाटन. कोचीपासून 11 बेटं, एकूण 1,868 किलोमीटर, खर्च सुमारे 1,072 कोटी. त्याआधी ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नई-अंदमान केबल सुरू झाली होती, सुमारे 2,300 किलोमीटरची. दोन्ही कामं बीएसएनएलने करवून घेतली. पण प्रत्यक्ष केबल टाकण्याचं कंत्राट दोन्ही वेळा एनईसी या जपानी कंपनीच्या गटाकडे गेलं. लेकीचं करिअर ठरवताना हीच बाब महत्त्वाची आहे.

अशी केबल टाकणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत, आणि केबल टाकणारी-दुरुस्त करणारी जहाजं साठेक. केबल एकदा टाकली की ती 25 वर्षं चालावी अशाच हिशेबाने बनवलेली असते. म्हणजे 'केबल टाकणारी' म्हणून दरवर्षी भरती होईल, जाहिरात येईल, असं हे क्षेत्र नाही. आपल्याकडे दुरुस्तीसाठीसुद्धा बहुधा परदेशी जहाजांवरच अवलंबून राहावं लागतं. भारतीय झेंड्याची जहाजं असावीत, ही चर्चा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2023 च्या शिफारशींतही आली आहे. तसं झालं तर चांगलंच, पण त्या भरवशावर आज लेकीचा अभ्यासक्रम निवडू नका.

मग नोकऱ्या कुठे आहेत? काठावर. केबल किनाऱ्याला आली की वाळूखालच्या मॅनहोलमध्ये जमिनीवरच्या केबलला जोडली जाते आणि तिथून लँडिंग स्टेशनला, म्हणजे केबल सांभाळणाऱ्या किनाऱ्यावरच्या केंद्राला जाते. ट्रायच्या त्याच अहवालात देशात 17 आंतरराष्ट्रीय केबल आणि 14 लँडिंग स्टेशनं मोजली आहेत, ती मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांत. मुंबईत बऱ्याच केबल वर्सोव्याला येतात. केबलमध्ये फायबर असतो, म्हणजे काचेची बारीक तार, आणि माहिती त्यातून प्रकाशाने जाते. लांब पल्ल्याच्या केबलवर दर 60 ते 100 किलोमीटरला एक रिपीटर असतो, म्हणजे दमलेल्या प्रकाशाला पुन्हा जोर देणारं यंत्र. त्याला वीज किनाऱ्यावरून जाते, काही हजार व्होल्टची, त्याच केबलमधल्या तांब्यातून. ही वीज सांभाळणं, प्रकाशाचे चॅनल लावणं, दोष शोधणं हे सगळं काठावर बसून चालतं. स्टेशनातही माणसं मोजकीच असतात, हे खरं. पण त्यांच्यामागे नेटवर्क चालवणारी केंद्रं आहेत, ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर्स आहेत, टेलिकॉम कंपन्यांचे ऑप्टिकल विभाग आहेत. तिथे हेच ज्ञान रोज लागतं आणि तिथे जागाही निघतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: आधी फायबर, मग समुद्र. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन ईएनटीसीची डिग्री करू दे. डिग्री असली की बीएसएनएलच्या जेटीओ (कनिष्ठ दूरसंचार अधिकारी) यासारख्या जागांना अर्ज करता येतो, यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा देऊन भारतीय दूरसंचार सेवेतही जाता येतं. समुद्रातल्या केबलचे परवाने आणि धोरण ज्या दूरसंचार विभागात ठरतं, तिथेच ही माणसं काम करतात. कॉलेज निवडताना नावापेक्षा तिथली ऑप्टिकल कम्युनिकेशनची लॅब चालू आहे का ते बघा. कित्येक ठिकाणी ओटीडीआर कपाटात कुलूपबंद असतो आणि मुलं जर्नलमध्ये आकृती काढून मोकळी होतात.

ओटीडीआर म्हणजे दोष शोधायचं यंत्र. फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका पाठवायचा आणि त्याचा परतलेला अंश मोजायचा. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तुटलेल्या जागेवरून प्रतिसाद 1 मिलिसेकंदात परत आला, तर दोष 100 किलोमीटरवर. रिपीटर असलेल्या लांब केबलला याचाच वेगळा प्रकार वापरतात, पण तत्त्व तेच. हे गणित लेकीला डोक्यात पक्कं बसलं असेल तर मुलाखतीत निम्मं काम झालं.

आणि हो, आणखी एक तपासणी या आठवड्यातच करून घ्या: रंगदृष्टीची. फायबर ओळखायची ती रंगांवरून. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी असे बारा रंग ठरलेले आहेत. जहाजावरच्या वैद्यकीय तपासणीतही रंगदृष्टी पाहतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटांचं काम आहे, पण सगळं शिक्षण झाल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला गावातल्या फायबरवाल्यासोबत फिरू द्या. घरोघरी इंटरनेट देणारे हे लोक रोज स्प्लायसिंग करतात, म्हणजे फायबर जोडतात. वरचं आवरण सोलायचं, की आतली काच उरते 125 मायक्रॉनची, केसाएवढी. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने सरळ छाटायची, स्प्लायसरमध्ये ठेवायची. विजेच्या ठिणगीने दोन टोकं वितळून एक होतात आणि पडद्यावर अंदाजे लॉस, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया जातो ते दिसतं, 0.02 डीबी (डेसिबल) वगैरे. छाट वाकडी असली किंवा बोटाचा तेलकटपणा लागला, तर पुन्हा पहिल्यापासून. जहाजावर जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा, हेच करतो, फक्त डेक हलत असतो आणि जोडावर चढवलेल्या आवरणाचा एक्स-रे काढल्याशिवाय केबल पाण्यात सोडत नाहीत. हे काम तिला कंटाळवाणं वाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

एवढं सगळं ऐकूनही तिला जहाजच हवं असेल, तर तिला अडवू नका. त्यासाठी खरा रस्ता ईटीओचा आहे, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याची मान्यता असलेल्या संस्थेत हा चार महिन्यांचा प्री-सी, म्हणजे जहाजावर जाण्याआधीचा, कोर्स होतो. इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स शाखांच्या डिप्लोमावाल्यांनाही तो खुला आहे, टक्क्यांची अट मात्र आहे. पुढे आधी साध्या व्यापारी जहाजावर काम, मग अनुभवाच्या जोरावर केबल शिपकडे अर्ज. नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर भरती करण्याचा, परवाना आहे का, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय त्याच्याशी बोलूही नका. या धंद्यात फसवणारे फार.

दुसरी वाट आरओव्हीची, म्हणजे दोरीला बांधलेल्या पाणबुड्या यंत्राची. केबल गाडायला आणि तपासायला ते लागतं, तेलाच्या क्षेत्रातही लागतं. मुंबई हायसारख्या ठिकाणी सुरुवात करून लोक केबलकडे वळतात.

आता तिच्या बाबांचं. त्यांना माझ्या वतीने सांगा, की जगभरात वर्षाला दीडशे-दोनशे केबलदोष होतात आणि त्यातले बहुसंख्य मासेमारीच्या जाळ्यांनी आणि नांगरांनी होतात. उथळ पाण्यात केबलवर पोलादी तारांचं चिलखत चढवतात, शेतातल्या नांगरासारखं यंत्र ओढून ती तळात पुरतात, तरीही. म्हणून मार्ग आखण्याआधी ट्रॉल कुठे ओढतात, नांगर कुठे टाकतात, कुठल्या महिन्यात कुठे गर्दी असते, हे मच्छीमारांना विचारावं लागतं. कोळीवाड्याशी बोलणारा माणूस हे या प्रकल्पांतलं खरंखुरं पद आहे. त्यांच्या लेकीला हे न विचारता ठाऊक आहे, आणि ते कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. बोटीच्या हालांबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण दुरुस्तीचं जहाज बराच काळ बंदरातच उभं असतं. बोलावणं आलं की साधारण 24 तासांत निघायचं, असा त्याचा करार असतो. मुली आज डेकवर, इंजिनात, ईटीओ म्हणूनही काम करतात. त्रास आहे तो घरापासून महिनोन्महिने लांब राहण्याचा, आणि त्याबद्दल बाबांनीच तिच्याशी बसून बोलावं. माझ्यापेक्षा त्यांना ते जास्त माहीत आहे.

राहिला क्लास. 'सबसी केबल इंजिनिअर' या नावाची सरकारमान्य पदवी आपल्याकडे नाही. जॉइंटरचं प्रशिक्षण केबल आणि जहाज कंपन्या आपल्याच माणसांना देतात; बाहेरून प्रमाणपत्र आणलं म्हणून कोणी घेत नाही. फायबरचा पाया आयआयटीच्या प्राध्यापकांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांतून फुकट शिकता येतो. तरी मनाची खात्री करायचीच असेल, तर क्लासला लेखी विचारा: मागच्या बॅचमधलं कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर लागलं, आणि क्लासकडे स्वतःचा स्प्लायसर आणि ओटीडीआर आहे का. उत्तर आलं तर मला पाठवा, मी बघून सांगते. तोवर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी लागणारे दाखले गोळा करायला घ्या; नॉन-क्रीमीलेअर लागू होत असेल तर त्याला तहसीलमध्ये सगळ्यात जास्त वेळ लागतो.