झेडपी शाळेवर नवीन आलेल्या ताईंसाठी, संक्रांतीबद्दल

ताई, पहिलंच वर्ष आहे ना, मग सांगते, संक्रांतीची तयारी डिसेंबरातच सुरू करा. मैदानात एक काठी सरळ रोवा आणि मुलांना रोज साडेबाराला तिची सावली मोजून वहीत लिहू द्या, २२ डिसेंबरच्या आसपास ती सगळ्यात लांब भरते नि मग आखडायला लागते, म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकायला तेव्हाच लागतो, १४ जानेवारीला नाही, आणि हे मुलं स्वतः मोजून सांगतात तेव्हा त्यांचे चेहरे बघाच!

भोगीला डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि मिक्स भाजी आणायला सांगा, आत्ता शेतात काय पिकतंय ते त्यातूनच कळतं. पतंग उडवणार असाल तर नायलॉन मांजा अजिबात नको.

३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती नुसत्या भाषणांवर काढू नका प्लीज. मुलींना गावातल्या आज्यांकडे पाठवा, शाळा कितवीत सुटली, का सुटली, विचारून लिहून आणू दे. आणि हळदीकुंकू ठेवलंत तर विधवा आयांनाही बोलवा, पण चिठ्ठी पाठवून नाही, स्वतः घरी जाऊन, नाहीतर त्या येत नाहीत.