आगीत कोसळलेला महामार्गाचा पूल अमेरिकेत २६ दिवसांत उभा राहतो, मग आपल्याकडे वर्षं का लागतात?

तुम्ही म्हणताय ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मॅकआर्थर मेझची, म्हणजे एकावर एक उड्डाणपूल असलेल्या तिथल्या महामार्ग-जंक्शनची गोष्ट दिसते. २९ एप्रिल २००७ला पहाटे तिथे टँकर उलटला, सुमारे ३२,५०० लिटर पेट्रोल पेटलं आणि वरच्या आय-५८० महामार्गाचा तुकडा खालच्या आय-८८०वर येऊन पडला. आग खाली, लोखंडी गर्डर (रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळया) वर. ६०० अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद जाते, त्यामुळे ते वितळायची गरजच पडत नाही. गर्डर स्वतःच्याच वजनाने लोंबतात. २४ मेला वरचा रस्ता पुन्हा सुरू झाला.

मी पुलांच्याच कामात आहे. मला विचाराल तर खरी करामत टेंडरमध्ये होती. मुदत २७ जून. त्याआधी संपवलं तर दिवसाला २ लाख डॉलर बोनस, जास्तीत जास्त ५० लाख. उशीर झाला तर दिवसाला तेवढाच दंड. सी. सी. मायर्स या कंत्राटदाराच्या कंपनीने बोली लावली ९ लाख डॉलरच्याही आतली! एवढ्यात हे काम होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. सगळा डाव बोनसवर होता, आणि तो पूर्ण मिळाला. हाच गडी १९९४च्या भूकंपानंतर लॉस एंजेलिसच्या सांता मोनिका फ्रीवेवर मुदतीच्या ७४ दिवस आधी मोकळा झाला होता.

एरवी वेळ खातात ती ड्रॉइंगची मंजुरी आणि कारखान्यातली तपासणी. इथे गर्डर ॲरिझोनात बनत होते आणि सरकारी तपासनीस तिथेच जाऊन बसले होते. साइटवरचं काम नेहमीसारखंच, फक्त रात्रंदिवस.

खालच्या आय-८८०ची फारशी चर्चा होत नाही. तो पाडलाच नाही. वाकलेले गर्डर जॅक लावून, ठरावीक जागी तापवून सरळ केले आणि ७ मेला वाहतूक सोडली. मला तरी हेच काम जास्त अवघड वाटतं, कारण 'हे ठेवा' यावर कुणीतरी सही करावी लागते.

आता 'आपल्याकडे'बद्दल. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, आणि नवा जून २०१७मध्ये सुरू झाला. ओकलंडला पाया शाबूत होता. महाडला नदीत नव्याने पाया घ्यायचा होता, तोही पुढचा पावसाळा यायच्या आत.