ग्नूकॅशची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवली की कधी उघडते, कधी अडते. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचा हिशेब ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आहे, फाइल राउटरला लावलेल्या हार्ड डिस्कवर आहे आणि दोन्ही लॅपटॉपवर ती झेड ड्राइव्हमध्ये दिसते. कधी ती सरळ उघडते, कधी सापडतच नाही म्हणते, तर कधी लॉक मिळालं नाही असं सांगून चार बटणं समोर ठेवते.

आमच्याकडे ही मांडणी तीन वर्षं होती. आता नाही. का ते पुढे येईलच. पण तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, तेव्हा त्या एकत्र सोडवायला जाऊ नका. फाइल न सापडणं हा विंडोजचा घोळ आहे, लॉक हा ग्नूकॅशचा कारभार आहे.

न सापडण्याचं आधी उरकतो. लॅपटॉप झोपेतून उठला की वायफाय जुळायला काही सेकंद जातात, तोवर झेड ड्राइव्हवर लाल फुली असते. ग्नूकॅश मात्र सुरू होताच शेवटची फाइल उघडायला धावतं. आधी फाइल एक्सप्लोररमध्ये झेडवर एकदा क्लिक करा, आतलं दिसू द्या, मग ग्नूकॅश. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडत असाल तर ते बंद करा, कारण तसं उघडलेल्या प्रोग्रॅमला तुम्ही जोडलेला झेड एरवी दिसत नाही. आणि 'काल चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं' असा प्रकार असेल तर संशय राउटरवर घ्या. विंडोज नेटवर्कवरच्या फाइली ज्या पद्धतीने उघडतं तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली, जुनाट आवृत्ती विंडोज 10 मध्ये 2017 च्या अखेरीपासून एकतर मुळात बसवलेली नसते किंवा वापरात नसेल तर आपोआप काढली जाते, आणि विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीत बिनपासवर्डाचं पाहुणं (गेस्ट) खातंही एरवी चालत नाही. राउटरमध्ये जाऊन त्या शेअरला नाव-पासवर्ड द्या. राउटरला जुनी आवृत्तीच येत असेल तर विंडोजमध्ये ती परत चालू करायच्या भानगडीत पडू नका. 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने हातपाय पसरले ते याच वाटेने.

आता लॉक. तुम्ही फाइल उघडता तेव्हा ग्नूकॅश त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, शेवटी .एलसीके (.LCK) असलेली एक छोटी फाइल तयार करतं. वही कोणाच्या तरी हातात आहे, एवढाच तिचा अर्थ. बंद केलं की ती पुसली जाते. मधेच वीज गेली, राउटर बंद पडला किंवा प्रोग्रॅम लटकला तर ती तशीच मागे राहते आणि पुढच्या वेळी कोणी नसतानाही अडवते. तेव्हा दोन्ही लॅपटॉपवर ग्नूकॅश बंद असल्याची खात्री करा आणि ती .एलसीके हाताने पुसून टाका. हिशेबाला धक्का लागत नाही. आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही: ही फाइल तयार करायची तर फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते, नुसती हिशेबाच्या फाइलवर असून भागत नाही. तुमच्या लॅपटॉपवरून चालतं आणि बायकोच्या लॅपटॉपवर दर वेळी अडतं, असं असेल तर तिच्या खात्याची परवानगी आधी तपासा.

चार बटणांपैकी 'ओपन एनीवे'शी, म्हणजे लॉक असूनही फाइल उघडणाऱ्या बटणाशी, माझं जुनं वैर आहे.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. 31 तारखेच्या आत रिटर्न भरायचं, म्हणून रविवारी रात्री मुदत ठेवींचं व्याज आणि कापलेला टीडीएस चढवायला बसलो. लॉक आडवं आलं. बायकोचा लॅपटॉप शुक्रवारपासून मिटलेला, ती झोपलेली. म्हटलं जुनं लॉक असेल, दाबलं 'ओपन एनीवे'. अडतीस नोंदी घातल्या, सेव्ह केलं, झोपलो. सोमवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडला. ग्नूकॅश शुक्रवारपासून तसंच उघडं होतं, मिटलेल्या झाकणाखाली. तिने दुधाचे पैसे आणि पेपरचं बिल लिहिलं आणि सेव्ह दाबलं. माझ्या अडतीस नोंदी गेल्या.

यात ग्नूकॅशने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. नेहमीच्या एक्सएमएल प्रकारात ते अख्खी फाइल एकदाच वाचून मेमरीत घेतं आणि सेव्ह करताना अख्खीच परत लिहितं. बायकोच्या लॅपटॉपच्या मेमरीत शुक्रवारची वही होती, तीच लिहिली गेली. हा मुळात एका वेळी एकाच माणसाने लिहायचा प्रोग्रॅम आहे. लॉकचा निरोप नीट वाचला तर दुसरं कोणी ही वापरत असेल तर उघडू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. मी तो वाचला नव्हता.

नोंदी परत मिळाल्या, त्या कशा ते सांगतो, कारण तुमच्यावरही ही वेळ आलेली असू शकते. प्रत्येक सेव्हच्या आधी ग्नूकॅश जुनी फाइल बाजूला ठेवतं आणि तिच्या नावात साल-महिना-दिवस-वेळ असे चौदा अंक घालतं. मी रविवार रात्रीची प्रत शोधत होतो, आणि जी उघडावी तिच्यात माझं काहीच नाही. अर्धा तास असाच गेला. मग उलगडलं: त्या अंकांतली वेळ प्रत लिहिल्याची नसते, ती बाजूला केल्याची असते. माझ्या अडतीस नोंदी *सोमवार सकाळच्या* नावाच्या प्रतीत होत्या, कारण बायकोच्या सेव्हने ती बाजूला सारली होती. ती उघडली, मूळ नावाने सेव्ह केली, दूध आणि पेपर पुन्हा लिहिले, संपलं.

दोन्हीकडच्या नोंदी ढीगभर असत्या तर .लॉग फाइल कामाला आली असती. तिच्यात त्या बैठकीतले सगळे व्यवहार असतात, आणि इम्पोर्टच्या मेनूतून ती 'रीप्ले' करता येते. नवं खातं उघडलं असेल तर ते मात्र आधी हाताने तयार करावं लागतं, लॉगमध्ये फक्त व्यवहार असतात. या प्रती आणि लॉग एरवी तीस दिवसांनी पुसले जातात. प्रेफरन्सेसमध्ये मुदत वाढवता येते. मी वाढवलीय.

'मग एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकारात सेव्ह करू का, त्यात नोंद लगेच लिहिली जाते' असं कोणी सुचवेल. नेटवर्क ड्राइव्हवर करू नका. एसक्यूलाइटची सगळी भिस्त फाइल कुलूपबंद करण्यावर आहे, नेटवर्कवरची कुलपं बेभरवशाची असतात, आणि खुद्द एसक्यूलाइटवालेच तसं बजावतात. 2.4 आवृत्तीपासून, म्हणजे 2010 पासून, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल हे सर्व्हरवरचे डेटाबेसही चालतात. नेटवर्कचा प्रश्न त्याने सुटतो, पण दोघांनी एकदम लिहिण्याचा नाही, आणि दुधाच्या हिशेबासाठी घरात सर्व्हर सांभाळायचा उत्साह माझ्यात नाही. ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हचा फोल्डर ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे एकाच वहीच्या दोन वह्या होतात.

आता फाइल बायकोच्या लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर असते, कारण रोजचं तीच लिहिते. रात्री त्या फोल्डरची एक नक्कल राउटरच्या डिस्कवर जाते. आठ वर्षांचे व्यवहार, फाइल जेमतेम सव्वा एमबी, त्यामुळे नक्कल व्हायला वेळ लागत नाही. मला काही बघायचं असेल तर मी ती नक्कल 'रीड ओन्ली' उघडतो. बँकेचं स्टेटमेंट सीएसव्हीमध्ये उतरवून तिला देतो, ती इम्पोर्ट करते. 'मला कारकून करून ठेवलंस' हे ऐकून घ्यावं लागतं.

तुम्ही गेल्या महिन्याभरात कधी 'ओपन एनीवे' दाबलं असेल, तर आजच फोल्डर उघडून चौदा अंकवाल्या प्रती आणि .लॉग फाइली दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि खात्यातली शिल्लक बँकेशी ताडून बघा. तफावत निघाली तर त्या दिवशी दोघांपैकी कोणी कधी सेव्ह केलं ते इथेच लिहा, कोणती प्रत उघडायची ते सांगतो.