चीफसाहेबांचा राग

प्रश्न : मी नौदलात पंधरा वर्षे इंजिन-रूममध्ये नोकरी केली. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते आमचे चीफ गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या मुलाने स्मरणपुस्तिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. चीफ अतिशय तापट होते. आम्हाला त्यांचा धाक होता आणि त्यांच्याविषयी आदरही होता. त्यांच्या रागाविषयी लिहावे की तो भाग वगळावा?
— एक माजी नौसैनिक, सातारा

उत्तर : राग वगळू नका. तो वगळलात, तर उरलेला माणूस कोणाचाही चीफ असू शकेल. फणसाची उपमा मात्र कृपया टाळा. ती अशा प्रत्येक पुस्तिकेत एकदा तरी येतेच.

राग लिहायचा तो प्रसंगासकट. मीही लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून वाफेवर चालणाऱ्या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर रुजू झालो होतो. १९७२ साली नौदलात दाखल झालेल्या निलगिरीच्या मालिकेतील, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या सहा जहाजांपैकी ते एक होते. अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला पांढरी दिसते ती थंड होऊ लागलेली वाफ. चारशे अंश सेल्सिअसच्या पुढची वाफ सांध्यातून फुटली की नुसती शीळ ऐकू येते, आणि अशी गळती शोधताना जुने लोक झाडू पुढे धरून सरकत असत. पहिल्याच महिन्यात मी त्या शिळेच्या दिशेने हात लांबवला, तेव्हा माझ्या चीफनी मागून माझी कॉलर अशी खेचली की वरचे बटण तुटून लोखंडी जाळीतून थेट बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी गेले, आणि त्यानंतर त्यांनी सर्वांदेखत माझा जो उद्धार केला तो येथे छापता येणार नाही. मग त्यांनी झाडू माझ्या हाती दिला आणि स्वतः माझ्या पाठीशी उभे राहिले. शीळ जिथे मोठी झाली तिथे झाडूच्या काड्या कोयत्याने छाटाव्यात तशा छाटल्या गेल्या.

आपल्याकडेही असा एखादा प्रसंग असेलच. चीफ एखाद्या वेळी विनाकारण रागावले असतील, तर तेही लिहा. सगळाच राग शहाणपणाचा नसतो, आणि तसे भासवल्यास त्यांच्या हाताखाली काम केलेले इतर वाचक लेख मिटून ठेवतील.

आणखी एक गोष्ट मुलासाठी अवश्य लिहावी. बॉयलर-रूममध्ये पंखे आणि पंप यांच्या आवाजात शेजारच्या माणसाशीही कानाशी ओरडूनच बोलावे लागे, आणि अशा कित्येक वर्षांनंतर घरी आलेला माणूस मीठ मागतानाही ओरडत असे, कारण त्याला स्वतःचाच आवाज पुरेसा ऐकू येत नसे. मुलाने वडिलांची बॉयलर-रूम कधी पाहिलेली नसणार. त्याने फक्त तो आवाज ऐकला असेल. लेख छापायला देण्यापूर्वी चीफच्या पत्नी हयात असतील, तर त्यांना वाचून दाखवावा. घरी रेडिओ किती मोठ्याने लागत असे, हे त्याच सांगू शकतील.